मॅडमले कोणता भाव सांगू?

आठवडी बाजारात ढगे मॅडम शिरल्या की भाजीवाल्या एकमेकींना डोळ्यांनी खुणावत. मॅडम घासाघीस करत नसत. तो आरोप त्यांच्यावर कोणी करू नये. त्या फक्त विचारत. पहिल्या दुकानावर वांग्याचा भाव विचारायचा, दुसऱ्या दुकानावर जाऊन तोच प्रश्न करायचा आणि लगेच पहिलीचा भाव तिथे जाहीर करून टाकायचा. बाजाराच्या शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत सगळ्यांना सगळ्यांचे भाव कळलेले असत. मग मॅडम परत फिरून पाव किलो वांगी घेत, तीही बहुधा सगळ्यात महाग दुकानातून, कारण "तिचे वांगे ताजे होते." मागे अख्ख्या बाजारात भांडण पेटलेलं असे. एकदा एका म्हातारीनं त्यांच्यापुढे चक्क हात जोडले. "बाई, तू भाजी फुकट नेजो माह्याकडून, पन कोनाले काही सांगू नको."

मॅडमना हा आपल्या आयुष्यातला सर्वोच्च पुरस्कार वाटायचा. पाहुणा कोणीही असो, ही गोष्ट त्याला ऐकावीच लागे.

कुमुद ढगे मॅडम वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या आणि मी संख्याशास्त्र. वयानं त्या माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. नालवाडीत त्यांचं बैठं घर होतं. यजमान वसंतराव सेवाग्रामच्या दवाखान्यात कारकून होते आणि दिवसभर दुसऱ्यांचे आजार लिहून घेऊनही माणूस कमालीचा आनंदी होता. मॅडमचा सगळा अभ्यास एकाच प्रश्नावर चालायचा: भाव कोणाला आधी कळतो आणि कोणाला उशिरा. पुढे या विषयाला भारी भारी नावं मिळाली. डिजिटल बाजारपेठ म्हणू लागले, माहितीची विषमता म्हणू लागले, दिल्लीत त्यावर परिसंवाद झडू लागले. मॅडम शेवटपर्यंत त्याला "कोनाले कवा मालूम पडलं" असंच म्हणत राहिल्या.

वर्गात त्या स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत. आनंद झाला किंवा राग आला की वऱ्हाडी सुरू. त्यामुळे त्यांची मनःस्थिती ओळखायला चेहरा पाहावा लागत नसे. आणि दोन्ही भाषांत त्यांचा आवडता प्रश्न एकच होता, "हे तुमाले कोनं सांगतलं?" प्राचार्यांनी शनिवारी सुट्टी आहे म्हटलं तरी हाच प्रश्न. माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेलो आणि मुलगी स्वभावानं फार शांत आहे असं कौतुकानं सांगितलं.

"हे तुमाले कोनं सांगतलं, भोयर सर?"

"माझ्या आत्यानं."

"आत्यानं पाह्यलं का पोरीले?"

मी घरी येऊन चौकशी केली. आत्यानं मुलगी पाहिलीच नव्हती; तिला मुलीच्या मामानं सांगितलं होतं. लग्न झालं, संसार उत्तम चालला आहे, पण शांत स्वभावाबद्दल मॅडमनी उपस्थित केलेली शंका रास्त होती एवढंच नमूद करतो.

नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले तेव्हा मॅडमना हर्षवायू व्हायचा बाकी होता. आता शेतकरी फोन करून नागपूरचा भाव विचारेल आणि मगच माल गाडीत भरेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. ते डोळ्यांनी पाहायला त्या नालवाडीतल्या बूथवर जाऊन बसल्या. एक हिवाळाभर, रोज कॉलेज सुटल्यावर, मांडीवर पाखडायच्या सुपात तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन. शेंगा सोलत बसलेल्या बाईकडे कोणी लक्ष देत नाही हे त्यांचं शास्त्र होतं. महिनाभरानं लोक त्यांनाच सुट्टे पैसे मागू लागले आणि बूथवाला त्यांच्या भरवशावर बूथ टाकून जेवायला घरी जाऊ लागला.

हिवाळा संपला, तुरी संपल्या, आणि मॅडमच्या हाती जे लागलं ते भलतंच होतं. व्यापारी रोज फोन करत. शेतकरीही येत, पण जन्माचे, मरणाचे आणि पाहुण्यांच्या गाड्यांचे फोन करत. भावाचा फोन एकही नाही. शेवटी न राहवून मॅडमनी सूप बाजूला ठेवलं आणि एका ओळखीच्या शेतकऱ्याला विचारलं, "काऊन हो, भाव काऊन नाई इचारत?"

तो म्हणाला, "मॅडम, फोन लावू कोनाले? जो उचलन तो ब्यापारीच हाय ना!"

या एका वाक्यावर मॅडमनी पीएचडी केली. नागपूरच्या मार्गदर्शकांनी आधी नाक मुरडलं, मग तेच वाक्य स्वतःच्या भाषणात वापरायला सुरुवात केली.

मॅडमच्या संशोधनात माझा वाटा आकडेमोडीपुरता. एकदा मात्र मी त्याहून पुढे गेलो, ते सांगितलंच पाहिजे. बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव करतात. तोंडानं अक्षर काढायचं नाही, बाजूला उभ्या असलेल्याला कळता कामा नये. मॅडमना ती बोटांची भाषा शिकायची होती, पण परक्या बाईचा हात हाती धरायला कुठलाही दलाल तयार होईना. तेव्हा त्यांनी माझा हात पुढे केला. "हे आमचे गनिताचे सर हायेत. याहिले शिकवा, मी याहिच्याकडून शिकीन."

दलालानं रुमाल टाकला, माझी बोटं दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मला गुदगुल्या झाल्या. मी हसू आवरण्यासाठी त्याचा पंजा घट्ट आवळला. त्यानं रुमाल झटकला आणि टाळी दिली. मी एक बैल विकत घेतला होता.

एक शिंग वाकडं असलेला, पांढरा, अतिशय देखणा बैल. मी अजीजीनं समजावू लागलो, तर दलाल म्हणाला, "रुमालाखाली झालं ते झालं, सर." अखेर बैलाला कुंकू लावून, नारळ फोडून, जमलेल्या सगळ्यांना चहा पाजून आमची सुटका झाली. मॅडम परतीच्या एसटीत हनुवटी छातीला टेकवून हसत होत्या. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी फळ्यावर लिहिलं, "ज्या बाजारात भाव दिसत नाही, तिथून गणिताचा मास्तर बैल घेऊन येतो." त्यानंतरची कित्येक वर्षं मुलं मला पाहून शिंगं दाखवायची.

दोन हजार सालानंतर मॅडमचे दिवस पालटले. ज्या विषयाला लोक बाजारहाट म्हणून हसत होते त्या विषयाची एकाएकी जगभर चर्चा सुरू झाली. मॅडम सायबर कॅफेत जाऊन एका बोटानं ईमेल लिहीत. पलीकडून परदेशातले प्राध्यापक उत्तरं देत. याच काळात एका खाजगी कंपनीनं आमच्या जिल्ह्यातल्या काही गावांत संगणक बसवले. गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरी संगणक, छतावर तबकडी, आणि पडद्यावर रोजचा सोयाबीनचा भाव. कोणीही यावं आणि पाहावं. बूथवर जे घडलं नव्हतं ते इथे घडणार, कारण इथे फोन उचलणारा व्यापारीच नव्हता. मॅडमनी दोन हंगाम गावोगाव पाहणी केली. सोयाबीन काय भावानं विकलं ते घरोघरी विचारलं, मी आकडे जुळवले, आणि निकाल झकास निघाला. संगणक असलेल्या गावांना चांगला भाव मिळाला होता.

तो पेपर गाजला. आणि एके दिवशी दिल्लीहून पत्र आलं. इलेक्ट्रॉनिक बाजाराचे नियम लिहिण्यासाठी सरकारी समिती नेमायची होती आणि मॅडमचं नाव सदस्य म्हणून ठरत होतं. पेपरची छापील प्रत आणि होकार, एवढंच पाठवायचं होतं.

मॅडमनी ते पत्र स्टाफरूममध्ये मला दोनदा वाचून दाखवलं. "सर, वीस वर्षं झाले, कोनी तरी दिल्लीत बसून नियम लिहिते अन् त्याले बाजार मालूम नसते. एकडाव त्या टेबलापाशी बसाचं हाय मले." वऱ्हाडी सुरू होती, म्हणजे आनंद मोठा होता. त्यांना याहून जास्त काही हवंसं वाटलेलं मी कधी पाहिलं नाही. साडीसुद्धा त्या वसंतरावांना आणायला सांगत.

होकार पाठवण्याआधी मॅडमनी ठरवलं की संगणकवाल्या गावांत जाऊन लोकांना बातमी द्यायची. केळझरच्या पलीकडल्या एका गावात भाऊराव नावाच्या शेतकऱ्याकडे संगणक होता. आम्ही गेलो तर जेवणाचा बेत तयार. वरण, भात, पोळ्या, वडाभात, वर कढवलेलं तेल. भाऊराव पडद्यावर भाव दाखवत होते, मी जेवत होतो, आणि मॅडम सवयीप्रमाणे उठून स्वयंपाकघरात भाऊरावांच्या बायकोपाशी, शोभाताईंपाशी, जाऊन बसल्या. मधे दाराचा पडदा होता, तेव्हा बोलणं मला ऐकू येत होतं.

शोभाताई कौतुकानं सांगत होत्या, "तुमी येनार म्हटलं का मॅडम, आदल्या दिवशी आमच्या घरी पाय ठेवाले जागा नसते. सारे येतात भाव पाहाले."

"विकाच्या आधी?"

"नाई वं बाई. माल तं कवाचा विकला राह्यते. मॅडमले कोणता भाव सांगू म्हून इचारतात. मंग आमचे हे त्या दिवसचा भाव काढून देतात, अन् ते पाठ करतात."

मी घास ताटात ठेवून पडद्याकडे कान दिला.

"काऊन पन?" मॅडमनी अगदी हळू विचारलं.

"आता मॅडम, भाव नाई भेटला असं सांगतलं तं तुमी कम्प्युटर उचलून नेसान ना! पोराहिचे दहावीचे रिझल त्याच्यावरच कळतात. क्रिकेटचा स्कोर कळते. माह्या भाचीचा नवरदेव त्याच्यावरच पाह्यला. अन् तुमी एवढ्या उन्हातान्हाच्या येता, हौसेनं इचारता. तुमाले काऊन नाराज कराव?"

कोणी फसवलं नव्हतं. कोणाला एक पैसा मिळाला नव्हता. आमच्याकडे आल्यागेल्याला उपाशी पाठवत नाहीत, त्याच न्यायानं आकडाही भरल्या हातानं दिला होता. गावोगाव हेच झालं असणार हे मला पडद्याआड बसल्या बसल्या कळलं. आणि दुसरंही एक कळलं. पाहणीच्या सुरुवातीला मॅडम म्हणाल्या होत्या की प्रत्येकाकडची अडत्याची पट्टी पाहू, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाची पावती. मीच म्हटलं होतं, कशाला वेळ घालवता, तोंडी आकडा पुरे. ते आठवलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचे आठ दिवस आम्ही पट्ट्या पाहत हिंडलो. कोणाकडे तारेत ओवलेल्या, कोणाकडे पत्र्याच्या डब्यात, एकाकडे देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे. लोक आनंदानं काढून देत. लपवायचं काही नव्हतंच. मागितलंच नव्हतं कोणी. संगणकाच्या गावांना मिळालेला भाव आणि बिनसंगणकाच्या गावांना मिळालेला भाव यांत काही फरक निघाला नाही. पडद्यावर भाव दिसत होता, पण गाडी जाऊन उभी राहत होती त्याच अडत्याच्या दारात, कारण बियाणं त्याच्याकडून उधारीवर आलेलं असे आणि अडीअडचणीला दारही त्याचंच.

आठव्या दिवशी नालवाडीच्या घरी वसंतरावांनी चहा केला. मॅडमनी पट्ट्यांवरच्या आकड्यांची वही मिटली. मग म्हणाल्या, "साऱ्या जगाले इचारलं म्या, तुले कोनं सांगतलं म्हून. सोतालेच इचारलं नाई."

मी माझं म्हणणं मांडलं. आता लाज वाटते, पण मांडलं. म्हटलं, मॅडम, हे कोणालाही माहीत नाही. समितीत जा. एकदा टेबलापाशी बसलात की खरे नियम लिहा. पेपर राहू द्या तसाच.

"सर, नियम लिहाले बसू, अन् पयलीच ओळ खोटी?"

"चूक माझी होती. माझं नाव घाला."

"तुमचं नाव घालून काय करू? तुमी बैल घेतला होता, तवा म्या घातलं का कोनाचं नाव?" असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. वसंतराव उठून आत गेले, टाइपरायटर घेऊन आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "सांग, मी टाइप करतो. दवाखान्यात रोजच चुकलेले रिपोर्ट पुन्हा लिहितो मी. काही होत नाही, मानूस वाचते."

दोन पत्रं टाइप झाली, एक मासिकाला आणि एक दिल्लीला. दोन्हींत मजकूर एकच होता: माझा निष्कर्ष चुकला, पेपर मागे घेते. मासिकानं दोन ओळी छापल्या. दिल्लीहून महिन्याभरानं सभ्य भाषेत उत्तर आलं की समितीची रचना नव्यानं झाली आहे. मॅडमच्या जागी कोण्या मोठ्या शहरातले गृहस्थ गेले. कॉलेजात काही लोकांनी सहानुभूती दाखवली आणि पाठ वळताच चहाबरोबर ती गोष्ट चवीनं चघळली. मला त्यांचा संताप यायचा. मॅडमना येत नव्हता, निदान दिसत नव्हता. पण तो अख्खा हंगाम त्या बाजारात गेल्या नाहीत. भाजी वसंतराव आणायचे, आणि भाजीवाल्या त्यांना विचारायच्या, बाई काऊन येऊन नाई राह्यली?

मग एक दिवस स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्यापुढे हातानं लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा आदळला. "वाचा. अन् यावेळी तोंडी नाई, पट्ट्या पाहून आकडे लावा." मधल्या काळात त्या दर रविवारी शोभाताईंकडे जात होत्या. गावाला संगणक कशासाठी हवा होता, भाव दिसूनही का मिळाला नाही, आणि विचारणाऱ्या बाईला लोकांनी काय म्हणून खुश ठेवलं, हे सगळं त्यात होतं. स्वतःच्या चुकीवर इतक्या मजेनं लिहिलेलं मी दुसरं काही वाचलेलं नाही. शेवटी एकच मागणी होती. बाजाराच्या नियमांत दाखवलेला भाव धरू नका, हातात पडलेला भाव धरा, आणि तो विकणाऱ्याच्या पावतीवरून धरा.

तो लेख पहिल्याइतका गाजला नाही. दोनेक वर्षं कुठे कुठे फिरत राहिला आणि फिरत फिरत त्याच समितीच्या टेबलावर पोचला. दिल्लीहून पुन्हा पत्र आलं. सदस्यत्व नाही, एक दिवस येऊन समितीपुढे म्हणणं मांडा, एवढंच.

मॅडमनी उलट टपाली कळवलं की मी एकटी येणार नाही. ज्यांनी माझी चूक दाखवली त्यांना घेऊन येईन. तिकडून उत्तर आलं की वेळ एकाच व्यक्तीपुरता आहे. मला वाटलं, झालं, पुन्हा गेलं हातचं. मी नालवाडीला धावलो.

मॅडम बॅग भरत होत्या. "एकच तं एकच. शोभा बोलन. मी बाजूले बसीन."

"अहो, वीस वर्षं वाट पाहिलीत तुम्ही त्या टेबलाची!"

"बसनारच हाय ना टेबलापाशी. बोललंच पाह्यजे असं कोनं सांगतलं तुमाले?"

त्या दिवशी दुपारी मी आणि वसंतराव सेवाग्राम स्टेशनवर त्यांना पोचवायला गेलो. भाऊराव सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा घेऊन आले होते, शिवाय बायकोला दाखवायला लागतील त्या सोयाबीनच्या पट्ट्या एका पिशवीत नीट बांधून. शोभाताईंनी नवी हिरवी साडी नेसली होती आणि त्या घाबरलेल्या नव्हत्या. घाबरलो होतो आम्ही तिघं पुरुष. त्यानंतर मॅडम मला पुष्कळदा भेटल्या, त्या नियमांत पावतीची ओळ आली तेव्हा आम्ही पेढेही खाल्ले, आणि आता त्या नाहीत तरी त्यांची आठवण निघाली की मला दिसतो तो त्या दुपारचा रेल्वेचा डबा.

शोभाताई खिडकीपाशी, मॅडम त्यांच्या शेजारी. मॅडम समितीपुढे काय बोलायचं ते वाचून दाखवत होत्या, आणि शोभाताई मान हलवत होत्या, नाई, नाई, असं नाई. गाडी हलली. वसंतरावांनी हात केला, भाऊरावांनी केला, मी केला. शोभाताईंनी खिडकीतून हात हलवला. मॅडमचं लक्षच नव्हतं. शोभाताईंनी सांगितल्याप्रमाणे त्या कागदावरची पहिली ओळ खोडून नव्यानं लिहीत होत्या.